मोठ्या घराचा खलिता

माझे वडील भोर संस्थानच्या कचेरीत पट्टेवाले होते. दरबारचे लखोटे पुण्याच्या गोऱ्या साहेबाकडे न्यायचे आणि साहेबाचे इकडे आणायचे. त्यांना वाचता येत नव्हतं, पण दोन्हीकडचे कारकून मोठ्यानं वाचत, त्यामुळं रीत पाठ झाली होती. मला सांगायचे, "ठकू, धाकटं सरकार विनंती करतं. थोरलं सरकार मागत न्हाई, ते कळवतं." शाळेत मी दुसरीपर्यंत गेले. तिथं शिकलेलं निम्मं विसरले. वडिलांचं हे वाक्य तेवढं डोक्यात राहिलं आणि त्यानंच माझं भात बुडवायला घेतलं होतं.

पानशेतचं धरण फुटलं त्याला पाच वर्षं झाली असतील, तेव्हा माझा सोपान वेगळा निघाला. निघाला म्हणजे आमच्याच पडवीत कुडाची भिंत घातली आणि पलीकडं चूल मांडली. कारण एवढंच, की पाव्हण्यांसमोर मी सुनेला विचारलं, एवढी जाड, ही भाकर हाय का घोड्याचा नाल. सून सगुणा, सातवी पास. ती दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या तोंडून बोलली.

मी त्यांना स्वराज्य दिलं, पण अटी घालून. चूल तुमची, देवघर आमचं. चार भातखाचरं तुमची, सोयरीक आणि पाव्हणेरावळे आमचे. बोलणं बंद, जे असेल ते कागदावर. कागद न्यायला आमचे मालक. कुडाच्या अलीकडून पलीकडं दहा पावलं, पण दर फेरीला तिकडं चहा मिळे, म्हणून त्यांची तक्रार नव्हती.

चैत्रात सगुणेचं पत्र आलं. "ती. आत्याबाईंस सा. न. वि. वि. यंदाचा राब दोघांनी मिळून भाजावा. आपल्याकडे शेण आहे, आमच्याकडे माणसं आहेत."

आमच्या वेल्ह्याच्या डोंगरात भाताचं बी टाकायच्या जागी आधी शेण, फांद्या, पाचोळा रचून जाळतात. तो राब. तो नीट भाजला तर तण मरतं आणि तरवा, म्हणजे भाताची रोपं, जोमानं येतो. हे मी सुनेला शिकवलेलं, आणि तीच मला कागदावर सांगत होती. शाईनं लिहिलेलं पत्र, अक्षर असं की राग यावा. मी दुपारपर्यंत बसून उत्तर काढलं, "कळविण्यात येते की मोठ्या घराचा राब मोठं घर भाजेल."

मालक म्हणाले, "फांद्या तोडायला झाडावर मोठं घर चढणार, का म्या?"

"तुमी."

"म्या साठीचा हाय."

"मग मोठं घर कमी फांद्यांत भागवील."

भागवलं. आषाढ लागला तेव्हा माझ्या वाफ्यात तरवा तणातून शोधून काढावा लागत होता. जो सापडे तो हळद लागल्यासारखा पिवळा. बांधापलीकडं सगुणेचा तरवा असा दाट, की पाय ठेवायला जागा नाही. लावणीचे आठ दिवस हातात होते. ते गेले असते तर सहा खाचरं मोकळी आणि वर्षभर विकतचा तांदूळ. गावात कुणीही तरवा दिला असता, पण मग गावाला कळलं असतं की ठकुबाईला राब भाजता येत नाही. गावाला ते आधीच ठाऊक होतं, हे मला मागाहून कळलं.

शेवटी खलिता लिहिला. "कळविण्यात येते की तुमच्या तरव्याची पाहणी करण्यास मोठे घर उद्या सकाळी येत आहे."

मालकांनी ऐकलं. "पाहून पाहून किती पेंड्या आणणार?"

"तुमी कागद न्या."

त्यांचा चहा संपायच्या आत उत्तर आलं. "सा. न. वि. वि. पाहणीस अवश्य यावे. येताना इरलं आणावे. आमच्याकडे पाहणी वाकून करतात."

मी ते तीनदा वाचलं. चौथ्यांदा कशाला वाचायचं, म्हणून माळ्यावरचं पावसाचं इरलं काढलं.

आमच्याकडं तरव्याला कुणी नाही म्हणत नाही. मात्र ज्याला हवा त्यानं स्वतः उपटून न्यायचा. सकाळी पाठीवर पानांचं इरलं घेऊन मी सुनेच्या वाफ्यात उतरले. वडील साहेबापुढं जेवढे वाकले नसतील, तेवढी मी त्या दिवशी वाकले. पलीकडं सोपान होता आणि शेजारी सगुणा उपटत होती. ती पेंड्या बांधून माझ्या बाजूला टाकत होती आणि मला ते दिसत नव्हतं, असं आमच्या दोघींचं चाललं होतं.

दुपारी तिनं फडकं सोडलं आणि माझ्यापुढं नाचणीची भाकर धरली.

"जाड हाय, आत्याबाई."

"वाकल्यावर जाडच बरी," मी म्हटलं.

तिनं विचारलं, "लावणीला तुमच्याकडं कोण?"

"तुझे मामंजी आन म्या."

"मग सहा खाचरं दिवाळीपर्यंत व्हतील." मग सोपानकडं न बघताच म्हणाली, "उद्या आधी तुमची लावू. आमची परवा."

"परवा म्या येते," मी म्हणाले.

बांधावर मालक भाकरीचा तुकडा मोडत बसले होते. त्यांनी विचारलं, "हे कळवलं, का इनंती केली?"

"भाकर खावा," मी म्हटलं.