नवरदेवाच्या हातातला घडीचा चाकू

मी जुना आहे, घडीचा आहे आणि अर्धा जन्म मी खिशात काढला आहे. मित्रांनो, ओळखलेच असेल तुम्ही, मी एक चाकू आहे. माझी मूठ शिंगाची आहे, तिच्यावर पितळेच्या फुल्या आहेत आणि पाते मिटले की ते मुठीत दिसेनासे होते. आज मी तुम्हाला माझी कहाणी सांगणार आहे खरा, पण छाती पुढे काढून सांगावी अशी ती नाही. दुसऱ्या वस्तू आपण केलेली सेवा सांगतात. मला माझी लाज सांगायची आहे.

माझे पाते एका मोडक्या मालमोटारीच्या पोलादातून निघाले. कारागिराचा हात चांगला होता. पात्याला त्याने मन लावून पाणी दिले, शिंग घासून घासून आरशासारखे केले, फुल्या एका ओळीत ठोकल्या. राहिली होती कमान. कमान म्हणजे मुठीच्या पाठीत बसवलेली पोलादाची पट्टी. तिच्याच जोरावर उघडलेले पाते उघडे राहते. पण तोवर पेटी रेल्वेवर चढवायची वेळ झाली होती. कमानीला त्याने घाईघाईने पाणी दिले आणि मला पेटीत टाकले. माझी कमान कच्ची राहिली. वरून काही दिसत नव्हते आणि दिसत नाही म्हटल्यावर मीही ते सोयीस्करपणे विसरलो.

मी मलकापूरला उतरलो. स्टेशनाजवळच्या एका लोखंडी सामानाच्या दुकानात, काचेच्या कपाटात मला मांडले. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते, कापसाचा हंगाम होता आणि बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या शेजारी लाकडी मुठीचा एक काळा चाकू पडलेला असे. ना फुल्या, ना चकाकी. मी त्याला मनात हसत असे. येणारा-जाणारा माझ्याकडेच बघे, मग मला आणखी काय हवे होते?

एके दिवशी देऊळघाटचा पुंजाजी दुकानात आला. हा भाजीपाल्याचा बागवान. वांगी, मिरची, कोबी पिकवून त्याने हळूहळू घर वर आणले होते. बायको लवकर गेली होती. घरात थोरली बहीण झुंबरबाई, मुलगा इंद्रभान आणि लेक विमल. इंद्रभानचे लग्न ठरले होते लोणारकडच्या कोकिळेशी.

आमच्या भागात हळद लागली की नवरदेवाच्या हाती कट्यार देतात. तिच्या टोकाला लिंबू खोचतात आणि लग्न लागेपर्यंत ती हातातून सोडू देत नाहीत. दृष्ट लागू नये, बाहेरचे काही बाधू नये म्हणून. देऊळघाटात मोठे शेतकरी महादेवराव यांच्या घरी जुनी कट्यार होती आणि गावातले बहुतेक नवरदेव तीच घेऊन बोहल्यावर चढत. पुंजाजीलाही त्यांनी आपणहून म्हटले होते, "कट्यार घेऊन जाय बापा." पण पुंजाजीला आता कुणाच्या ओसरीवर उभे राहायचे नव्हते. तो म्हणाला होता, "यंदा घरचीच आहे, बापू." घरात तर विळ्याशिवाय काही नव्हते. बोलून गेला आणि मग मलकापूरची गाडी धरली.

दुकानदाराने पाच-सहा चाकू गल्ल्यावर मांडले. पुंजाजीचा हात सरळ माझ्याकडे आला.

"रोज वागवाचा आहे का?" दुकानदाराने विचारले. "मंग डोळ्यानं नका घेऊ, भाऊ. अंगठ्यानं घ्या."

त्याने काळा चाकू उघडला आणि पात्याच्या पाठीवर अंगठा दाबला. पाते हलले नाही. मिटवला तेव्हा टक्‌ असा आवाज झाला. मग त्याने मला उघडले आणि तसाच अंगठा दाबला. मी लगेच वाकलो. आवाजसुद्धा धड झाला नाही.

"हे पाहा. याची कमान ढिली आहे. सुतळी कापाले, आंबा चिराले ठीक. याच्यावर भार देऊ नका."

"पर मांडवात हाच दिसन," पुंजाजी म्हणाला. "नवरदेवाच्या हाती द्याचा आहे. लगन झालं का मंग माह्या खिशात."

"मंग तं हा घेऊच नका."

"हातात धरूनच तं राह्याचं आहे. त्याच्यानं का लढाई कराची आहे?"

मित्रांनो, तेव्हा माझ्या अंगावर ऊन पडले होते आणि मी झगझगत होतो. काळ्या चाकूकडे बघून मला हसू आले. पुढे कितीदा वाटले, त्या दिवशी माझ्यावर गंज चढलेला असता तर बरे झाले असते.

लग्न कोकिळेच्या गावी होते. वऱ्हाड उतरले. माझ्या टोकाला लिंबू होते, इंद्रभानने मला उभा धरला होता आणि लोक थट्टा करत होते. "काऊन बे इंद्रभान, लगन कराले आला का दरोडा घालाले?" इंद्रभान लाजून हसत होता. महादेवराव पुढच्या सतरंजीवर बसले होते. त्यांनी मला एकदा पाहिले आणि नजर वळवली. पुंजाजीची मान मात्र ताठ होती.

मंगलाष्टके संपली, अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या. इंद्रभानने हार घालायला दोन्ही हात वर उचलले. मी त्याच्या मुठीतच होतो. हाराचा दोरा माझ्या पात्याच्या पाठीत अडकला आणि त्याने हार पुढे ओढला. बस, तेवढाच भार. मी मिटलो, त्याच्या बोटांवर मिटलो.

लिंबू खाली पडले. रक्त हारावर आले, कोकिळेच्या पिवळ्या लुगड्यावर आले. इंद्रभान नुसता पांढरा पडला. सगळे बघत राहिले. हलली ती एकटी कोकिळा. तिने लुगड्याचा काठ दाताने धरून फाडला आणि नवऱ्याच्या बोटांना घट्ट बांधला.

शहाणी पोर म्हणून तिचे कौतुक व्हायला हवे होते. पण झुंबरबाईचा आवाज चढला. "अवं बाप्पा! लग्नाचं लुगडं मांडवात फाडलं! पाऊल टाकलं नाही तं पोराचं रगत काढलं इनं!"

बायका कुजबुजू लागल्या. कोकिळेचा बाप हात जोडून उभा राहिला. कशासाठी, ते त्याला तरी कुठे माहीत होते? मी जमिनीवर पडलो होतो. पुंजाजीने मला उचलले आणि पात्याच्या पाठीवर अंगठा दाबला. मी वाकलो. त्याला कळले. मला वाटले, आता हा बोलेल. एक वाक्य पुरे होते: चाकू ढिला होता, दुकानदाराने सांगितले होते. पुंजाजीने मान वर केली. समोर महादेवराव बसले होते. त्याने मान पुन्हा खाली घातली, मला पुसले आणि खिशात टाकले.

पुढच्याच बाजाराला तो मला घेऊन बुलढाण्याला गेला आणि तिथल्या एका मिस्त्रीकडून माझी कमान बदलून घेतली. नवी कमान पक्की होती. मिटताना माझा टक्‌ असा आवाज येऊ लागला. मिस्त्री म्हणाला, "आता हत्ती बसला तरी मिटनार नाही." पुंजाजी हसला नाही.

तेव्हापासून माझे सुगीचे दिवस सुरू झाले. सकाळी पुंजाजीच्या बंडीच्या खिशात, दिवसभर मळ्यात. वांग्याचे देठ कापले, मिरचीच्या पोत्यांची सुतळी तोडली, कोबीची पाने सोलली. दर चार-आठ दिवसांनी तेल, महिन्याला धार. बाजारात शेजारी मागून घेत आणि म्हणत, "चाकू असावा तं असा." कुणी मला अपशकुनी म्हटले नाही. त्या लिंबालाही कुणी बोल लावला नाही.

बोल लागला तो कोकिळेला. नव्या सुनेच्या हातची बियाण्याची पहिली मूठ वाफ्यात टाकतात, तिला टाकू दिली नाही. शेजारच्या घरी ओटी भरायला झुंबरबाई एकटीच जाई. वांग्यांना कीड लागली, कोकिळेचा पायगुण. म्हैस आटली, कोकिळेचा पायगुण. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते मी खिशात बसून रोज बघत होतो. कधीकधी ती सासऱ्याला पाणी देऊन बाजूला उभी राही. पुंजाजी मला उघडून काकडी चिरत असे आणि तिच्याकडे न बघता तांब्या घेत असे. तेव्हा माझे नवे कोरे पोलाद मला नकोसे होई. धार लावली की मी चमकत असे आणि चमकण्याची मला लाज वाटे.

असेच काही उन्हाळे गेले. मग विमलचे लग्न निघाले.

हळदीच्या सकाळी अंगणात पाट मांडला होता. विमल पाटावर बसली. नणंदेला वहिनीने हळद लावायची असते, म्हणून कोकिळा वाटी घेऊन पुढे आली. तिच्या अंगावर नवे लुगडे होते. झुंबरबाईने तिच्या हातातून वाटी काढून घेतली.

"तू चुलीपाशी बस वं. पोरीच्या हळदीले तुहा हात नको."

"आत्या, वहिनी लावन मले," विमल म्हणाली.

"तुले समजत नाही. माह्या भावाच्या घरात एकडाव रगत सांडलं, तेवढं पुरे."

कोकिळा वळली. ती रडली नाही. हे ऐकायची तिला सवय झाली होती आणि तेच मला सोसवेना. ओसरीवर पुंजाजी बसला होता, खाटेवर महादेवराव होते, खांबाला टेकून इंद्रभान उभा होता. पुंजाजीने मला बंडीतून बाहेर काढले.

"बाई, तिचा काई दोष नाही," तो म्हणाला. "दोष या चाकूचा. याची कमान ढिली होती. मले दुकानातच सांगतलं होतं. दिसाले चांगला म्हणून म्या घेतला."

महादेवरावांनी हात पुढे केला. पुंजाजीने मला खाटेवर ठेवले, कारण चाकू हातात देत नाहीत. महादेवरावांनी मला उघडले आणि पात्याच्या पाठीवर अंगठा दाबला. मित्रांनो, जन्मात एकदा मला मिटायचे होते. जीव तोडून मिटायचे होते. पण मिस्त्रीने काम चोख केले होते. मी तसूभर हललो नाही.

"पुंजाजी, हा तं मिटत नाही."

झुंबरबाई म्हणाली, "पाहा! सुनेची कड घेऊन राह्यला म्हातारा."

"तवा मिटत होता," पुंजाजीचा आवाज खाली गेला. "म्या मंग दुरुस्त करून आणला."

"कवा?"

"लग्नाच्या पुढच्याच बाजाराले."

खांबापाशी उभ्या असलेल्या इंद्रभानने तेव्हा हात पुढे केला आणि बोटे उघडली. आतल्या बाजूला पांढरे वण होते. "आत्या, कोणाच्या पायगुणानं इथं लागत नाही. चाकू मिटला तरच इथं लागते. मले तवाच समजलं होतं. बाबाच्या समोर मी बोललो नाही."

झुंबरबाईने ते वण पाहिले. वाटी तिने हळूच पाटाजवळ ठेवली.

कोकिळेने आधी नवऱ्याकडे पाहिले, मग सासऱ्याकडे. तिचा आवाज अगदी साधा होता.

"मामाजी, चाकू तुम्ही पुढच्याच बाजाराले नीट करून आणला."

पुंजाजीने तोंडावर उपरणे घेतले. इंद्रभान खाली बघत राहिला. पाटावरून विमलने वहिनीचा हात धरून ओढला, तो वाटीत बुडवला आणि आपल्या गालाला लावला. मग कोकिळा खाली बसली आणि तिने नणंदेला हळद लावली. कपाळाला, हातांना, पायांना, सावकाश. ती डोळे पुसत होती आणि तिच्याही गालांना हळद लागत होती.

त्या दिवशी पुंजाजीने मला बंडीत ठेवले नाही, सुनेपुढे जमिनीवर ठेवले. तिने मला फेकलेही नाही आणि मिरवलेही नाही. भाजी चिरायची असली की घेते, काम झाले की धुऊन पुसून ठेवते. याहून जास्त माया मी मागणार तरी कोणत्या तोंडाने?

मित्रांनो, चाकू घ्याल तेव्हा चकाकी पाहू नका, पाते उघडून त्याच्या पाठीवर अंगठा दाबून पाहा. ओला असताना मिटू नका, सांध्यात तेलाचा थेंब सोडत जा. एवढे तुम्हाला कोणताही दुकानदार सांगेल. मला मात्र एक मागणे मागायचे आहे. आमची चूक एखाद्या माणसाच्या माथी मारली जाताना दिसली, तर आम्हाला दुरुस्त करायची घाई करू नका. आधी बोला, तिथेच, मांडवात, चार लोकांदेखत बोला. आम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला येते.