नैरोबी आणि अर्जुनराव

१९५७ साली पिंपरीच्या कंपनी वसाहतीत वायरलेसच्या तारा दोनच छपरांवर होत्या: अर्जुनरावांच्या आणि ज्योतीरामच्या. परवाना दोघांकडे, हौसही दोघांना. फरक एवढाच, की अर्जुनराव बावीस परदेशी ठाण्यांशी बोलले होते आणि ज्योतीराम एकाशीही नाही. हा फरक अर्जुनराव आठवड्यातून तीनदा सांगत. चुकून दोनदाच सांगितला, तर ज्योतीरामलाच ते आजारी असावेत अशी शंका यायची.

पण त्या रविवारी संध्याकाळी साडेपाच ते सहा नैरोबीचा एक हौशी खास ज्योतीरामला हाक मारणार होता. तसं पत्रच आलं होतं. बुधवारी त्याचं जहाज सुटणार, मग त्याचं ठाणं कायमचं बंद.

ज्योतीरामनं तयारीही दांडगी केली. मिलिटरीच्या भंगारातले दोन व्हॉल्व्ह आणून एरियल आणि रिसीव्हरच्या मध्ये बूस्टर बसवला. बारीकसा आवाजही फुगवून देणारा!

साडेपाचला बूस्टर सुरू झाला आणि रिसीव्हरमधून आले ते अर्जुनराव. कलकत्त्याच्या मित्राशी त्यांच्या गप्पा चालल्या होत्या. डायल इकडं फिरवा, अर्जुनराव; तिकडं फिरवा, अर्जुनराव; आणि तेही फाटलेले.

"भावजी सगळीकडेच कसे हो?" दुर्गाबाईनं नवऱ्याला विचारलं. "घरी तर कधी सापडत नाहीत म्हणे."

ज्योतीरामनं बूस्टर आणखी पिळला. अर्जुनराव आणखी फाटले. पाच मिनिटं अशीच गेली.

हा गोंगाट ऐकून शेजारचा गेनबा दारात आला. कुरुळीचा माणूस, कंपनीत कॉम्प्रेसरवर. नुकताच शिफ्टवरून परतलेला, कानांत कापसाचे बोळे तसेच.

"गेनबा, आधी तो कापूस काढा, मग बोला!" ज्योतीराम खेकसला.

"बोला की, ऐकू येतंय. तिथं कामावर कापूस काढला तर नुसता दणका. माणसाचं बोलणं कळतच न्हाई. कापूस घातला की दणका बी कमी, बोलणं बी कमी. पर मंग कानाला निवडता येतं."

ज्योतीराम ताडकन उठला.

"अहो, अर्जुनरावांच्या दणक्यानं माझ्या रिसीव्हरच्या कानठळ्या बसल्यात आणि मी त्याला वर कर्णा लावतोय!"

बूस्टर निघाला. तपकिरीच्या रिकाम्या डबीत वीज अडवणारे तीन रेझिस्टन्स डाग देऊन बसले, डबी एरियलच्या वाटेत लागली. याला अॅटेन्युएटर म्हणतात. येईल तो आवाज आत शिरतानाच कमी करणारा. कमी झाले, तसे अर्जुनराव डायलवर आपल्या एका जागी अंग चोरून बसले. आणि त्यांच्या शेजारीच, बारीक पण स्वच्छ, कुणीतरी ज्योतीरामचं नाव पुकारत होतं.

"नैरोबी!" ज्योतीराम एवढ्या जोरात ओरडला, की ते वायरलेसवाचूनही पोचलं असतं.

उत्तर गेलं, उत्तर आलं. पण नैरोबीचा आवाज हळूहळू विरू लागला. तेवढ्यात एक चप्पल पायात, एक हातात, असे अर्जुनराव आत घुसले.

"ज्योतीराम, तू बोलतोयस ते ऐकलं म्हणून सेट बंद करून पळत आलो. कुठाय नैरोबी?"

"सेट बंद केलात?" ज्योतीरामनं डबी उपटली, बूस्टर परत जोडला. मैदान मोकळं होतं. बूस्टरनं नैरोबीला थेट खोलीत आणून बसवलं. तो हसलेलासुद्धा ऐकू आला.

सहाला पाच मिनिटं होती. अर्जुनराव दाराकडं वळले.

"मी पण माझ्या सेटवरून एक हाक मारून बघतो."

दुर्गाबाई दारात आडवी उभी राहिली.

"बसा भावजी. चहा टाकलाय. घेतल्याशिवाय सोडायची नाही."