बत्तीशीच्या दवाखान्यातली बुरशी

तिचे दात इतके चांगले होते की मला तिचा रागच यायचा. एक किडलेला नाही, एक हलत नाही. असे पेशंट वाढले तर आम्ही दातांच्या डॉक्टरांनी करायचं काय? तरी ही बाई दर आठवड्याला हजर. कधी वरची दाढ ठणकते, कधी खालची शिवशिवते. मी आरसा घालून कानाकोपरा तपासायचो, काही सापडायचं नाही, आणि ती "बरं वाटलं हं" म्हणत आपली भलीमोठी पिशवी सावरत निघून जायची.

आमच्या दवाखान्यात पेशंटना नंबराप्रमाणे आत सोडायचं काम माझी मावशी करते. माझं लग्न जमवायचं कामही तिनेच अंगावर घेतलंय. मी चाळिशीला टेकलो तरी ते तडीस गेलेलं नाही. तिने या पिशवीवालीला बरोबर हेरलं.

"अरे, दात कसले दुखतायत! तुझ्यासाठी येते ती."

"मावशी, काहीतरीच काय!"

"मग नंबर लागायच्या कितीतरी आधी येऊन बाहेर का बसते? धीर गोळा करत असते बिचारी."

मी उडवून लावलं. पण खरं सांगतो, त्या दिवसापासून मी इस्त्रीचे शर्ट घालायला लागलो. तिची वेळ झाली की दुसऱ्याच्या तोंडात माझं लक्ष लागेना.

बाहेर पेशंट बसतात त्या खोलीत कुंडीत मावशीचं लाडकं झाड होतं. मूळचं कुठल्याशा दमट जंगलातलं, ताटाएवढ्या पानांचं. हल्ली त्याची पानं कमी होत चालली होती आणि उरलेल्यांच्या मागे काळे मखमली ठिपके उठले होते. मावशीने ठरवलं, पुढच्या खेपेला पिशवीवालीला सरळ विचारायचं; आणि विचारायचं तर खोली नीटनेटकी हवी. जन्म दवाखान्यात गेलेली बाई ती, झाड पुसायला साधं पाणी घेईल होय? ठिपकेवाली पानं छाटून कचऱ्याच्या गाडीत घातली आणि उरलेलं एकेक पान जंतुनाशकाने लख्ख पुसलं.

पिशवीवाली आली, झाड बघून किंचाळली. मी आरसा हातात घेऊनच बाहेर धावलो. ती जमिनीवर बसून पानं उलटीपालटी करत होती.

"इथली बुरशी कुठे गेली?"

"एक ठिपका ठेवला नाही," मावशी अभिमानाने म्हणाली.

त्यावर ती चक्क रडायला लागली. मग सगळं बाहेर आलं. ती बुरशीची संशोधक. पहिल्यांदा आली ती खरंच दात साफ करून घ्यायला. बसल्या बसल्या पानामागचे ठिपके दिसले. एक पान नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली घातलं, तर ही बुरशी जगात कुणी नोंदवलेलीच नाही! झाडाला काही इजा न करता पानावर मुकाट्याने राहणारी. मग ती दर आठवड्याला एक पान लांबवत होती. पण बुरशी कोवळी, बीजाणू कच्चे, तपासण्यात पानंही चिरून संपलेली. नवी जात जाहीर करायची तर तिचा पक्का, वाळवलेला नमुना संग्रहालयात ठेवावाच लागतो. तो ती आज नेणार होती.

"मग सांगायचं नाही का?" मी म्हणालो.

"बुरशी म्हटलं की लोक आधी औषध मारतात."

मी मावशीकडे बघायचं टाळलं. "म्हणजे दात..."

"दात ठीक आहेत माझे. माफ करा."

मला फार लागलं. इस्त्रीचे सगळे शर्ट डोळ्यांपुढून गेले. पण तिचं रडणं त्याहून बघवेना.

"याची एक फांदी मी दिली होती लावायला, ठिपक्यांसकट," मावशी हळूच म्हणाली. "समोर."

समोर म्हणजे बत्तीशी. माझा वर्गमित्र. स्वतःचाच दात विचकलेला फोटो पाटीवर लावून त्याने माझ्या दारासमोर दवाखाना थाटला, तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

"तू दिलीस? त्याला?"

"मागितली रे त्याने. गोड बोलतो."

"सरळ जाऊन पान मागू या," पिशवीवाली म्हणाली.

"कशाला म्हणून विचारेल आणि बुरशी ऐकताच बाटली काढेल. तोही आमच्यातलाच."

तेव्हा पेशंट म्हणून जायला हवं. हिचे दात ठणठणीत, मावशीची कवळी. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"तुझी ती डावी दाढ..." मावशी म्हणाली.

ती दाढ मी कित्येक महिने अंगावर काढत होतो. स्वतःची स्वतःला भरता येत नाही, आणि बत्तीशीपुढे आ करण्यापेक्षा मेलेलं बरं. पण पिशवीवालीने डोळे पुसले आणि मी चप्पल घातली.

बत्तीशीला काय आनंद झाला म्हणून सांगू! "आ कर. अजून मोठा. असं अंगावर काढतात का रे? पेशंटना काय सांगतोस?" माझ्या तोंडात त्याची दोन हत्यारं; उत्तर काय देणार? बाहेर पान तोडल्याचा आवाज झाकायला मावशी जोरजोरात खोकत होती. हात मात्र हलका आहे मेल्याचा, मान्य केलं पाहिजे.

पुढे शोध छापून आला. ज्या बाईने बुरशी पुसून टाकली, तिच्याच नावावरून बुरशीचं नाव ठेवलं होतं. मावशी दोन दिवस रुसली, मग येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटली. नमुना मिळाल्याचं ठिकाण मात्र खरंच लिहावं लागतं, त्यामुळे जगभर गेला तो बत्तीशीचा पत्ता. त्याने तो कागद चौकटीत घालून फोटोखाली टांगलाय.

पिशवीवालीला आता आमच्याकडे यायचं कारण उरलं नव्हतं. मी इस्त्री सोडून दिली. मला तिची आठवण यायची, अगदी भर कामात.

आणि एक दिवस, तिच्या नेहमीच्या वेळेला, ती आत आली. हातात पिशवी नव्हती. मी चुरगळलेल्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

"काय दुखतंय?"

"काही नाही. तुम्ही बसा खुर्चीत. तुमची दाढ बघायला आलेय."

मी बसलो आणि आ केला. बाहेर मावशी पुढच्या पेशंटला सांगत होती, "आज डॉक्टर कुणाला बघणार नाहीत. आज डॉक्टरांनाच बघायला आलेत."