चवीपुरतं मीठ

आमच्या विज्ञानाच्या बाईंना आम्ही मुली फूटपट्टी म्हणायचो. एक तर त्या तशाच सरळसोट होत्या, आणि दुसरं म्हणजे मोजल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास बसत नसे. या गोष्टीला आता साठ वर्षं होऊन गेली, तरी त्या प्रयोगातले आकडे मी आजही न अडखळता सांगू शकते.

पुढच्या वर्षी विज्ञान शाखेत बाराच मुलींना घेणार होते, बाकीच्यांना गृहशास्त्र. यादी बाईंनी करायची आणि मंगळवारी मोठ्या बाईंकडे द्यायची, असं ठरलेलं. मला मात्र विज्ञानच हवं होतं.

"तू तेराव्या नंबरावर आहेस," बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. "परासरणाचा प्रयोग चोख कर, मग तेरावीसाठी मी भांडून बघते."

प्रयोग साधाच होता. प्रत्येकीने घरून सोललेला बटाटा आणायचा, त्याच्या बरोबर पन्नास मिलिमीटरच्या तीन कांड्या कापायच्या आणि तीन नळ्यांत ठेवायच्या. पहिल्या नळीत साधं पाणी. दुसरीत लिटरला बारा ग्रॅम मीठ, तिसरीत पंचवीस. दुसऱ्या दिवशी कांड्या परत मोजायच्या. साध्या पाण्यात बटाटा पाणी पिऊन वाढतो, मिठाच्या पाण्यात तो आपलं पाणी सोडून आखडतो. पुस्तकात तसं छापलेलंच होतं.

शुक्रवारी मोजमापं झाली. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला सगळे टाचणी म्हणत. तिचे आकडे आले बावन्न, एकोणपन्नास आणि शेहेचाळीस. माझे आले चोपन्न, एक्कावन्न आणि पन्नास.

"अगं, नळ्यांवरच्या चिठ्ठ्या उलट्यापालट्या चिकटवल्यास की काय?" टाचणी कुजबुजली.

"नाही गं. दोनदा बघितलंय."

"मग माझं बघून लिही. बटाटा काय चुगली करायला येणारे?"

मी लिहिलंही असतं, उगाच मोठेपणा कशाला सांगू? पण माझे तिन्ही आकडे शाईने लिहून झाले होते, आणि खाडाखोड दिसली की बाई अख्खं पान फाडायला लावत.

बाईंनी वही बघितली आणि चष्मा वर सरकवला.

"मिठाच्या पाण्यात बटाटा वाढला? कुठल्या शेतातला आणलास गं?"

वर्ग फिदीफिदी हसला. बाईंनी एक्कावन्नच्या आकड्याभोवती लाल गोल काढला आणि वही परत दिली. तेरावीसाठी भांडण्याचं नाव त्यांनी काढलं नाही.

घरी आले ती तणतणतच. दप्तर आपटलं आणि आईला म्हटलं, "कसला सडका बटाटा दिलास मला! सगळ्यांसमोर माझं हसं झालं."

"सडका? चांगला निवडून दिला होता," आई म्हणाली. "सोलून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवला, काळा पडू नये म्हणून. बाईंसमोर काळा बटाटा नेणार होतीस का?"

मी भडकून लाल गोलाची वही तिच्यापुढे आपटली आणि मिठाच्या पाण्यात बटाटा वाढला ते सांगितलं. आई मात्र शांतपणे हात पुसत म्हणाली, "म्हणजे शाळेत पोचला तेव्हाच तो आखडलेला होता की. कमी मिठात टाकल्यावर फुगणारच. खारवलेली भाजी धुताना नाही का फुगत?"

आईने शाळा सातवीत सोडली होती.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. त्या रात्री एक बटाटा आईने तिच्या पद्धतीने पाण्यात ठेवला आणि दुसरा तसाच कोरडा. शनिवारी दोन्हींच्या कांड्या कापल्या, बाईंच्या मापाने पाणी केलं, रविवारी मोजलं. कोरड्या बटाट्याचे आकडे टाचणीसारखे आले, भिजवलेल्याचे माझ्यासारखे. मी मोजत होते आणि आई लिहीत होती.

सोमवारी बाईंनी तो कागद उभ्याउभ्याच वाचला.

"हे अक्षर कुणाचं?"

"आईचं."

"आणि हे काय? भिजवण्याचं पाणी: एक पातेली. मीठ: चवीपुरतं." बाईंनी मान वर केली. "चवीपुरतं म्हणजे किती?"

"ती अंदाजाने घालते."

"अंदाज विज्ञानात चालत नाही. उद्या शाळा भरायच्या आधी आईला घेऊन ये. पातेलीसकट."

मंगळवारी आई इस्त्रीची साडी नेसून प्रयोगशाळेत आली. मोठ्या बाईंकडे जायची यादी टेबलावरच होती, बारा नावांची. बाईंनी पातेलीतलं पाणी मोजलं. अर्धा लिटर भरलं.

"आता घाला मीठ, नेहमीसारखं. पाण्यात नको, तराजूवरच्या या कागदावर."

आईने घरून आणलेल्या मिठाच्या बरणीत हात घातला, चिमटीपेक्षा जास्त आणि मुठीपेक्षा कमी असं काहीतरी उचललं आणि कागदावर सोडलं. काटा बारा ग्रॅमवर थांबला.

"परत घाला."

बारा.

"आणखी एकदा."

"तेरा झालं वाटतं," काट्याकडे न बघताच आई म्हणाली. "तुम्ही अशा टक लावून बघताय, हात चळला."

तेराच होतं. बाई खुर्चीत बसल्या.

"अर्ध्या लिटरला बारा म्हणजे लिटरला चोवीस. माझी तिसरी नळी पंचवीसची," त्या मला म्हणाल्या. "म्हणून त्या नळीत तुझी कांडी पन्नासची पन्नासच राहिली. आलं लक्षात?"

"हो बाई."

त्यांनी माझ्या कागदावरचं 'चवीपुरतं' तसंच ठेवून पुढे 'बारा ग्रॅम' लिहिलं. मग यादी ओढली, बाराव्या नावाखाली माझं नाव घातलं आणि दोन्ही कागद घेऊन मोठ्या बाईंच्या खोलीकडे निघाल्या. दाराशी थांबून वळल्या.

"तुम्हीही चला," त्या आईला म्हणाल्या. "मोठ्या बाईंना आकडे पटत नाहीत. हात दाखवावा लागेल."

आईने माझ्याकडे बघितलं, पदर सारखा केला आणि बरणी काखेत घेऊन त्यांच्यामागून गेली.