दोन कुलपांचा विश्वास

दोन संस्था एकत्र आल्या की आधी भाषणं होतात आणि मग कुलपं लागतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. ज्येष्ठ मंडळ आणि डॉक्टरांची संघटना यांनी मिळून गरजूंना व्हीलचेअर वापरायला द्यायचं ठरवलं. परस्परांवर विश्वास किती, हे आधी रीतसर तपासलं. दोघांनी एकमेकांना दहापैकी दहा गुण दिले, टाळ्या वाजवल्या आणि व्हीलचेअरच्या खोलीला दोन कुलपं ठोकली. एकाची किल्ली मंडळाच्या वकीलसाहेबांकडे, दुसऱ्याची संघटनेच्या डॉक्टरांकडे.

आज त्या खोलीसमोर एक निवृत्त मुख्याध्यापिका प्लास्टरमधला पाय उचलून उभ्या होत्या. नुकत्याच हॉस्पिटलमधून सुटलेल्या. सगळा भार लेकीच्या खांद्यावर.

वकीलसाहेबांनी डॉक्टरांना बाजूला घेतलं. "बाई तुमच्या ओळखीच्या दिसतात."

"छे! मला वाटलं, तुमच्याच कुणी."

"मग उघडा तुमचं कुलूप."

"आधी तुम्ही उघडा."

"अहो, आईला उभं राहवत नाहीये!" लेक रडकुंडीला आली.

"ताई, पद्धत असते," दोघं एका सुरात म्हणाले. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत होतं.

मुख्याध्यापिकांचा पाय मोडला होता, आवाज नाही. "इकडे या दोघं! वकीलसाहेब, खरं सांगा, यांची भीती कसली वाटते?"

वकीलसाहेब चाचरले. "हे... सगळ्या खुर्च्या आपल्याच पेशंटना देऊन टाकतील."

"मी?" डॉक्टर उसळले. "तुम्हीच सभासदांत वाटून मोकळे व्हाल!"

"आजवर कुणी असं केलंय?" बाईंनी विचारलं.

डॉक्टर हळूच म्हणाले, "अजून एकही खुर्ची बाहेरच आलेली नाही."

"शाब्बास! पेपर कोरा आणि गुण पैकीच्या पैकी! अहो, विश्वास असा बसल्या जागी मोजता येत नाही. मनातली भीती तोंडावर सांगा, मिळून नियम ठरवा आणि समोरच्याला काम करू द्या. तो कसं करतो ते बघून द्या की गुण!"

वकीलसाहेबांना खरंच लाज वाटली. "डॉक्टर, ज्याची गरज जास्त, त्याला आधी. मान्य?"

"मान्य!"

वकीलसाहेबांनी आपली किल्ली डॉक्टरांच्या हातावर ठेवली. "या महिन्यात तुम्हीच द्या. महिनाअखेरीस मात्र विचारीन हं."

"विचाराच! आणि पुढच्या महिन्यात दोन्ही किल्ल्या तुमच्याकडे."

दार उघडलं. डॉक्टरांनी आपल्या रुमालाने खुर्चीवरची धूळ झटकली, वकीलसाहेबांनी खुर्ची पुढे आणली. बाई बसल्या आणि लेकीने पहिल्यांदा खांदा चोळला.

मंडळी, विश्वास नुसता जाहीर करायचा नसतो, तो वापरून पाहायचा असतो. दोन संस्था एकमेकींकडे संशयाने बघत बसतात, तेव्हा त्यांचं फारसं बिघडत नाही. दारात एका पायावर उभं राहावं लागतं ते तिसऱ्यालाच!