रुमालावरचा जांभळा

सोमवारी सकाळी रफूवालीच्या स्वयंपाकघरात अख्खं चर्च तामचिनीच्या टोपात भिजत पडायचं. म्हणजे चर्चचे रुमाल. प्रभुभोजनात एकानं प्याला ओठाला लावला की दुसऱ्याआधी कड पुसायचे पांढरे सुती रुमाल. ते धुणं आधी आईकडे होतं. आईची बोटं आखडली तेव्हा हिच्याकडे आलं. नियम एकच: रुमालांचं पहिलं पाणी गटारात सोडायचं नाही, मातीला द्यायचं. त्यामुळे मागच्या दाराची लिंबोणी नुसती माजली होती, आणि तिची लिंबं चहात पिळायला हिचा हात धजत नव्हता.

रुमाल पाण्यात सोडले की हळूहळू लिपस्टिकचे ओठ वर यायचे. शाळेतल्या बाईंचा फिका गुलाबी, नर्सचा विटकरी, आणि ऑर्गनवाल्या आजींचा असा लालभडक, की साबणानंही हात टेकावेत. कोण आलं, कोण नाही, सगळं पाणी सांगायचं. एक जांभळा मात्र वर्षभर आला नव्हता. तो धाकट्या बहिणीचा.

त्यांच्या चर्चमध्ये सगळंच पाळक करत नाहीत. शास्त्रपाठ वाचायला, प्रार्थना चालवायला, प्याला धरायला घरदारवाली साधी माणसं पांढरा झगा चढवून पुढं होतात. वर्षापूर्वीच्या एका रविवारी वाचनाची पाळी हिची होती. आई अंथरुणाला खिळलेली. "जा गं, तासाभराचा तर प्रश्न," असं म्हणून आईनंच पिटाळलं. ही परतली तेव्हा धाकटी दारातच उभी होती.

"गेली. पाणी मागत होती. माझ्या हातचं नको, ताईच्या हातचं हवं म्हणाली. आणि ताई तिकडे झगा घालून उभी."

तेव्हापासून दोघींत शब्द नाही. हिनं वाचन सोडलं. धाकटी केस कापायचं दुकान सांभाळायची, रविवारी शेवटच्या बाकावर बसायची, पण वेदीपाशी यायची नाही. मनात अढी ठेवून त्या प्याल्याला तोंड लावायचं नाही, हे आईनंच दोघींना शिकवलेलं. ही मात्र जायची. 'माझ्या मनात कुठं काय आहे!' असं रोज स्वतःला बजावत. मागं वळून बघण्याइतकी मान काही वाकत नव्हती. म्हणून सोमवारी रुमालांना विचारायचं.

मग एकदा पाळकबाई हिच्या रफूच्या दुकानात आल्या. "प्याला धरणाऱ्या ड्रायव्हरकाकांचा घोटा मुरगळलाय. येत्या रविवारी प्याला तुम्ही धरा."

"मी? अहो, माझे हात सुई असली तरच स्थिर असतात."

"प्याल्याला दोन्ही हात लागतात. थरथरायला जागाच उरत नाही."

मग आठवडाभर तिनं दुधाच्या भांड्यावर सराव केला. प्याला देताना बोलायचे चार शब्द आरशाला ऐकवले, लिंबोणीला ऐकवले. लिंबोणीनं मान डोलावली. तिला काय, प्यायची सवयच होती.

रविवारी झगा अंगावर आला आणि पाय जमिनीला लागेनासे झाले. रंगीत काचांतून उतरलेलं ऊन फरशीवर सांडलं होतं आणि त्यातून माणसं चालत नव्हती, तरंगत येत होती. कठड्याशी गुडघे टेकत होती. एकेक तोंड वर होई, आणि हिला वाटे, अगंबाई, विटकरी! इतक्या वर्षांची ओळख आणि भेट आज! ती प्याला टेकवायची, शब्द बोलायची, कड पुसायची, प्याला किंचित फिरवायची. ऑर्गनचे सूर पाण्याखालून आल्यासारखे येत होते.

रांगेच्या शेवटाकडे दोन हात प्याल्याच्या बुडाशी आले. नखांत केसांच्या रंगाचे डाग, अंगठ्याला कात्रीचा घट्टा.

हिला शब्द सापडेनात. लिंबोणीला पाठ असलेले शब्द! अखेर कसेबसे ओठांतून निसटले. प्याला कलला. तेवढ्यात डोळे भरून आले आणि काचा, ऊन, धाकटी, सगळंच पाणी झालं. पापणी मिटून उघडली तर समोर कुबडी घेतलेले ड्रायव्हरकाका. हातानं आपल्या सवयीनं कड पुसूनही टाकली होती.

प्यायली? की नुसतंच डोकं टेकवून उठली? की आलीच नव्हती, हिच्याच डोळ्यांनी आणली? विचारणार कुणाला? रात्रभर ती त्याच उन्हात तरंगत राहिली.

सोमवारी टोपात रुमाल सोडले. गुलाबी आला. विटकरी आला. आजींचा लाल तर ठाण मांडून बसला. जांभळा नाही. तिनं एकेक रुमाल उलटून पाहिला, खिडकीशी धरून पाहिला.

"काय शोधतेस?"

मागच्या दारात धाकटी उभी होती. वर्षभराचं वैर, आणि कडी वाजवायची पद्धत अजून नव्हतीच.

"काही नाही. तू... प्यायलीस का गं काल?"

"तूच पाजलंस की. निम्मं हनुवटीवर."

"मग डाग कुठाय?"

धाकटीनं खिशातून चुरगळलेला कागदी रुमाल काढून टोपाशेजारी ठेवला. त्यावर जांभळे ओठ. "बाकावरून उठायच्या आधी पुसले. 'तुझा तो रंग घासून बोटं सोलतात,' जन्मभर ऐकवलंयस."

ही हसली, मग तोंडाला पदर नसल्यानं ओला रुमालच लावला.

"ताई," धाकटी टोपाकडे बघत म्हणाली, "आईनं पाणी मागितलं तुझ्या हातचं. पण प्यायली माझ्या हातचं. घोट घोट, अर्धा पेला. मग झोपली. हे मी तुला सांगितलं नाही."

"वर्षभर?"

"वर्षभर. म्हणून पुढं येत नव्हते. तुझ्यामुळे नव्हे. काल प्याला तुझ्या हातात दिसला, मग राहवलं नाही."

हिनं काही वेळ पाण्यातले ओठ निरखले. आई घशाला कोरड घेऊन गेली नव्हती. तेवढंच एक वाक्य ती कानात पुन्हा पुन्हा ओतत राहिली. मनात आलं, एक सणसणीत शिवी द्यावी. पण सकाळी सकाळी, आणि पुढ्यात हे रुमाल.

"धर त्या बाजूनं," ती म्हणाली.

दोघींनी टोप उचलला, दाराबाहेर नेला आणि पहिलं पाणी लिंबोणीच्या बुंध्याशी सावकाश ओतलं. मातीनं ते आवाज न करता पिऊन टाकलं.

ताईनं हात पुसले, वर पाहिलं, आणि एक पिवळं लिंबू तोडलं.

"चहा टाकते. घेशील ना?"

"तुझ्या हातचा? बघू," धाकटी म्हणाली, आणि आत जाऊन आईच्या खुर्चीवर बसली.