बेशरमाचा पाला

पिकअपचा फळका खाली पडला तरी तांबडी शेळी उतरेना. फारूकनं पोटाखाली हात घालून तिला उचललं आणि अंगणात ठेवलं. चारी पाय फाकवून ती उभी राहिली. मान बारीक हलत होती. एखादी म्हातारी सगळ्यालाच नाही नाही म्हणत बसते तशी.

"नेली तवा अशी होती का? तुमच्याच गाडीत गेली, तुम्हीच सांगा," सिंधू म्हणाली.

"अशी नव्हती." फारूक ओट्यावर टेकला. उदगीरचा हा शेळ्यांचा व्यापारी या दारात वर्षानुवर्षं चहा पीत आला होता. "चढताना पाय तेवढा घसरला होता. आपण म्हणलो, फळका ओला हाय."

सिंधूनं चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि शेळीपुढं शेवरीचा पाला टाकला. बाळंतीण लेक सासरी निघाली की सोबत दुभती शेळी द्यायची, ही तिच्या माहेरची रीत. तिच्या आईनं तिला दिली होती, तिनं तनुजाला दिली. महिनाही झाला नव्हता, तोच व्याही ईश्वरप्पांनी निलंग्याकडून शेळी परत धाडली.

"ईश्वरप्पा काय म्हणले?"

"ते काय बोलतेत? विहीणबाई बोलल्या. म्हणल्या, लेक दिली चांगली, पण शेळी घरातली खोट बघून दिली."

"उपाशी मारली असंल. त्या घरात माणसाला मोजून भाकर, मुक्या जितराबाला कोण पुसतंय."

फारूकनं चहा फुंकला. "गुरांच्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या तिथं. मी हुतो. बेशरम खाऊन झालंय म्हणल्या. त्या झाडात एक बुरशी राहती म्हणं. झाड तिला पोसतं आन् ती झाडात जहर करती. एखाद्या दिवशी तोंड लावलं तर काय होत न्हाई. पण जनावराला नाद लागतो. मग चांगला चारा सोडून तिकडंच पळतं. नसांत बसलं की मान अशी हालती. लेकराला हिचं दूध देऊ नका, असंबी म्हणल्या. आन् व्याह्यांच्या शिवारात तर बेशरम नावाला न्हाई."

सिंधू हसली. "जन्म काढला तुम्ही शेळ्यांत. शेळी बेशरम खाती का कधी? खात न्हाई म्हणून तर लोक त्याचं कुंपण करतेत."

"मीबी हेच म्हणलो. तनुजाबी हेच म्हणली. तर सासू म्हणली, घे आण." फारूक कपात बघत होता. "पोरीनं लेकराच्या डोक्यावर हात ठिवला. माझ्या आईच्या दारात शेळीनं बेशरमाला तोंड लावलं न्हाई, म्हणली."

सिंधूच्या हातातली शेवरीची फांदी तशीच राहिली.

दोन उन्हाळ्यांमागं ओढा आटला होता. कडबा मिळत नव्हता, बाभळीला शेंग नव्हती. हिरवं म्हणून काय ते ओढ्याच्या काठचं बेशरम. सिंधूनं शेळ्या दिवसभर उपाशी बांधल्या आणि संध्याकाळी बेशरमाच्या पाल्यावर मिठाचं पाणी शिंपडून पुढं टाकला. पहिल्या दिवशी त्यांनी तोंड फिरवलं. मग तांबडीनं एक पान उचललं. पुढं मीठ लागेना. पाऊस पडला, बांध हिरवे झाले, तरी शेळ्या ओढ्याकडंच जायच्या. आपली जनावरं कशाला हटत नाहीत, असं सिंधू पाणवठ्यावर सांगायची. बाया तिला हुशार म्हणायच्या. तनुजा तेव्हा सासरी होती, आणि बाळंतपणाला आली ती खोलीबाहेर पडली नाही.

तांबडीनं शेवरी हुंगली आणि सोडून दिली. ती वळली. गोठ्याच्या कोपऱ्याशी गुडघ्यावर पडली, उठली, पुन्हा झोकांडली. पण वाट चुकली नाही. ओढ्याच्या काठी जांभळ्या फुलांच्या बेशरमात तिनं तोंड घातलं आणि कराकरा पाला ओरबाडू लागली.

फारूकनं कप खाली ठेवला.

"भुकेजलीय," सिंधू म्हणाली. शेवरीचा ढीग दोघांच्या मधे पडला होता.

ती लगबगीनं गोठ्यात गेली आणि काळी शेळी ओढत घेऊन आली. "ही न्या. लेकराला दूध पाहिजे. विहीणबाईला म्हणावं, हे घर खोटीचं देत न्हाई."

फारूकनं काळीच्या हनुवटीखाली बोट धरलं. तिच्या मानेबरोबर बोटही बारीक हलत होतं. मग दावं सिंधूच्या हातातून घेऊन त्यानं ते खुंट्याला बांधलं.

"ताई, मी इथून निलंग्यालाच चाललोय. विचारतील मला."

"मग?"

"काय सांगू?"

सिंधूच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. तनुजाचा होता.

"आई, पोचली का तांबडी? काय खाल्लं का गं तिनं?"

सिंधूनं ओढ्याकडं पाहिलं. "खाल्लं की."

"काय खाल्लं?" मागं लेकरू रडत होतं.

"शेवरी," सिंधू म्हणाली. "ढीगभर खाल्ली."

"बघ. मी म्हणलंच हुतं त्यांला." तनुजाचा आवाज हलका झाला. "फारूकचाचा हायत का तिथं? त्यांला दे. सासूबाई हितंच बसल्यात. त्यांच्याच तोंडून ऐकू दे."

सिंधूनं फोन पुढं केला. फारूक गाडीच्या मागं उभा राहून फळक्याच्या कड्या लावत होता. दोन्ही कड्या लागल्या होत्या. त्यानं त्या पुन्हा काढल्या आणि पुन्हा लावायला घेतल्या.